चिमटा, व्हॅक्यूम आणि बाळंतपण: इंदूरच्या आईबाबांचे (आणि आज्यांचे) नेहमीचे प्रश्न

आमच्या दवाखान्यात आठव्या-नवव्या महिन्यातल्या जोडप्यांची शनिवारी संध्याकाळी बैठक असते. टेबलावर मी दोन वस्तू मांडून ठेवते: एक फोर्सेप्स, म्हणजे आपला चिमटा, आणि एक व्हॅक्यूमचा कप. सगळ्यांसमोर त्यांच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. बैठक संपली की चपला घालता घालता विचारतात. सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून सासू हळू बोलते, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून सून. ते चपलांजवळचे प्रश्न इथे, ज्या शब्दांत आले जवळजवळ त्याच शब्दांत.

चिमटा आणि व्हॅक्यूम, दोन्ही एकच का?

नाही. चिमटा म्हणजे दोन मोठ्या वाकड्या पळ्या समजा. एकेक पळी वेगवेगळी आत सरकवायची, बाळाच्या दोन्ही गालांच्या बाजूने बसवायची आणि बाहेर त्यांचे दांडे एकमेकांत अडकवायचे. त्या डोकं दाबत नाहीत, कवेत घेतात. व्हॅक्यूम म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटरचा वाटीसारखा कप. तो बाळाच्या डोक्याला लावून आतली हवा पंपाने काढतात, म्हणजे कप चिकटतो, आणि कळ आली की दांडीने ओढतात. हल्ली आपल्याकडे व्हॅक्यूमच जास्त दिसतो, कारण तो शिकायला आणि लावायला सोपा. चिमट्याला हात तयार लागतो.

एक गोष्ट दोन्हींत सारखी: डॉक्टर एकटी बाळ ओढून काढत नाही. आई जोर करते, कळ ढकलते, अवजार त्याला साथ देतं. म्हणून कळ नसताना ओढायचं नसतं.

लेबर रूममधून सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "बच्चा अटक गया है, औज़ार लगाना पड़ेगा।" म्हणजे नक्की काय झालं?

हे वाक्य ऐकून बाहेरच्या बाकावरची सगळी मंडळी पांढरीफटक पडतात. खरं तर त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, पहिलटकरणीने साधारण दोन तास नीट जोर केलाय, तरी डोकं पुढे सरकत नाही. दोन, बाळाचे ठोके खाली गेलेत आणि वर येत नाहीत. मग वाट बघण्यात अर्थ नसतो. तीन, आई थकलीय. रात्रभर कळा, पोटात अन्न नाही, त्यात रक्त कमी. चार, आईला जोर करूच द्यायचा नाही, कारण हृदयाचा आजार आहे किंवा बीपी फार वाढलंय.

म्हणून सिस्टरला उलट एवढंच विचारा: "बच्चे की धड़कन की वजह से, या माँ थक गई इसलिए?" उत्तरावरून घाई किती आहे ते कळतं.

मग सरळ सिझरच का करत नाहीत? निदान बाळ सुखरूप.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथे मी थोडी थांबणार आहे.

सिझर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरवून, सकाळी नऊ वाजता, मुहूर्त बघून केलेलं सिझर येतं. इथे प्रश्न त्या सिझरचा नाही. बाळाचं डोकं हाडांच्या पिंजऱ्यात खोल उतरलेलं असतं, गर्भाशयाचा खालचा भाग ताणून पातळ झालेला असतो. अशा वेळी पोट उघडलं तर ते डोकं आधी पुन्हा वर काढावं लागतं. कधी खालून दुसऱ्या कुणीतरी ढकलावं लागतं. गर्भाशयाचा काप फाटत जाऊ शकतो, रक्तस्राव जास्त होतो, पुढच्या गरोदरपणात दिवस भरण्याआधी बाळ होण्याचा धोकाही थोडा वाढतो. आणि वेळ? रुग्णाला थिएटरमध्ये नेऊन, भूल देऊन, पोट उघडेपर्यंत जेवढा वेळ जातो, त्याच्या आत डोकं अगदी खाली असलेलं बाळ व्हॅक्यूमने बाहेर आलेलं असतं.

उलटही तितकंच खरं. डोकं वर आहे, पोटावरून हाताला लागतंय, तोंड कुणीकडे आहे ते कळत नाही, तर अवजार लावणं म्हणजे धाडस, आणि धाडसाला लेबर रूममध्ये जागा नाही. तिथे सिझरच बरोबर. "चिमटा की सिझर" याचं उत्तर आधीपासून ठरलेलं नसतं. डोकं किती खाली आहे यावर ते ठरतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती डॉक्टर मंडळी फारशी बोलत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. जिथे पटकन सिझर होतं तिथे तरुण डॉक्टरांचा हात चिमट्यावर बसायला संधीच मिळत नाही. आठव्या महिन्यात आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "तुम्ही व्हॅक्यूम करता का? चिमटा लावता का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. "मी चिमटा लावत नाही" हे उत्तरही प्रामाणिक आहे. ज्याला जे येतं तेच त्याने करावं.

साधारण किती जणींना लागतं?

ब्रिटनमध्ये शंभरात दहा ते पंधरा बाळंतपणांत, आणि पहिलटकरणींमध्ये जवळजवळ तिघींत एकीला. आपल्याकडे प्रमाण याहून बरंच कमी.

लावण्याआधी डॉक्टर काय बघतात?

पिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर म्हणजे पूर्ण उघडलंय का. पाणमोट फुटलीय का. पोटावर हात ठेवला तर डोक्याचा पाचवा भाग किंवा त्याहून कमीच लागतोय का, म्हणजे बाकीचं डोकं खाली उतरलंय का. बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे की पोटाकडे. लघवीची पिशवी रिकामी केलीय का. आईने हो म्हटलंय का. आणि हे फसलं तर लगेच सिझर करायची सोय आहे का.

या शेवटच्या मुद्द्यासाठी तरी बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवा. एका जोडप्याची तारीख बरोबर रंगपंचमीची होती आणि घर राजवाड्याच्या मागे. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, सुरू झाली की त्या बाजूने स्कूटर निघत नाही, तिथे गाडी कुठून निघणार. मी त्यांना दोन दिवस आधीच सुदामानगरला आत्याकडे जाऊन राहायला सांगितलं. बाळ आलं पाच दिवस उशिरा, ते सोडा.

छत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळाला व्हॅक्यूम जपून, आणि बत्तीसच्या आत लावतच नाहीत, कारण कवटी आणि रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. घरात कुणाला रक्त न गोठण्याचा आजार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा. "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" असं करू नका.

किती वेळ ओढत राहतात?

तुम्ही विचारायचा खरा प्रश्न हाच. साधारण तीन कळांत, तीन वेळा ओढण्यात, डोकं प्रत्येक वेळी पुढे सरकलं पाहिजे. कप दोन-तीनदा सुटला, किंवा डोकं जागचं हललं नाही, तर थांबायचं. कपातला ओढीचा दाब पाऱ्याच्या मापात साधारण ५०० ते ६०० मिलिमीटरवर ठेवतात, आणि कप बसतो तो टाळूवर नाही, मागच्या लहान टाळूच्या तीन सेंटिमीटर पुढे, मधल्या रेषेवर. तिथे बसला तर बाळाची हनुवटी छातीला लागते आणि डोक्याचा सगळ्यात लहान घेर वाटेत येतो. कप दोन बोटं इकडेतिकडे झाला की तो सुटतोही लवकर आणि सूजही जास्त येते. माझ्या गुरू म्हणत, ओढायला कुणीही ओढेल, थांबायला डॉक्टर लागतो.

बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का? मूल मंद निघतं असं आमच्याकडे म्हणतात.

म्हणतात खरं. माझा स्वतःचा मुलगा चिमट्याचा. "ओढून काढलेलं पोर" म्हणून माझ्या आत्याने त्याला दहावीपर्यंत काळजीने बघितलं. दहावीचे मार्क बघून तिने ती काळजी सोडली, मार्क काही फार नव्हते तरी.

पण माझ्या मुलावरून शास्त्र ठरत नाही. अवजाराने झालेली मुलं आणि अडलेल्या अवस्थेत सिझरने झालेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा दोघांत बुद्धीचा-विकासाचा फरक दिसला नाही. ज्या मुलांना पुढे त्रास होतो, त्यांत पुष्कळदा मूळ कारण बाळंतपणाआधी किंवा दरम्यान प्राणवायू कमी पडणं हे असतं. दोष मात्र चिमट्यावर येतो, कारण तो डोळ्यांना दिसतो.

आता खरे धोके. व्हॅक्यूमचा कप काढला की डोक्यावर बनपावासारखा उंचवटा दिसतो. तो घाबरवतो, पण काही तासांत बसायला लागतो आणि दोन दिवसांत बहुधा जातो. कधी हाडाच्या आवरणाखाली रक्त साचून एका बाजूला मऊ गाठ येते. ती जिरायला आठवडे लागतात आणि त्या काळात कावीळ जास्त वाढू शकते, म्हणून बाळाचा रंग उजेडात बघत राहायचं. डोळ्यांच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव बऱ्याच बाळांत होतो, आपोआप जिरतो.

एकच गोष्ट मात्र गंभीर: कवटीवरच्या सैल थरात रक्त पसरत जाणं. व्हॅक्यूमनंतर हजारात तीन ते सहा बाळांत. सूज एका जागी राहत नाही, कानामागे, मानेकडे पसरते, हाताला पाण्याच्या फुग्यासारखी लागते, बाळ फिकट पडतं, दूध ओढत नाही. हे पहिल्या दिवसातच पकडावं लागतं. म्हणून सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन कुंची काढून डोकं चाचपतात. आज्यांनो, त्यांच्यावर रागावू नका. खोली उबदार ठेवा, पण पहिल्या दिवशी डोकं उघडं दिसू द्या.

डोकं लांबुळकं झालंय. मालीशवालीने दाबून गोल केलं तर?

नको. वाटेतून येताना कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात म्हणून डोकं लांबट होतं, ती आपली आपण जागेवर येतात. सुजेवर दाबणं, तेल चोळून आकार देणं, मोहरीच्या उशीत डोकं घट्ट रुतवून ठेवणं, सगळं बंद. अंगाला मालीश हळू हाताने जरूर करा, डोक्याला नको. त्या गाठीत सुई घालून पाणी काढायला कुणी सांगितलं तर उठून निघून या. सुईने जंतू आत जातात.

गालावर वळ?

चिमट्याचा लालसर वळ दोन-तीन दिवसांत जातो. रडताना तोंड एका बाजूला वाकडं होत असेल तर चेहऱ्याची नस दबलेली असू शकते. बहुतेक बाळांत ती काही आठवड्यांत सुधारते, पण डॉक्टरांना दाखवा.

आईला किती टाके पडतात? खालचं सगळं फाटतं का?

सगळं फाटत नाही, पण चिमट्याने आईला इजा जास्त होते, ते मी लपवणार नाही. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजच्या माहितीनुसार शीच्या जागेच्या स्नायूपर्यंत जाणारी फाट साध्या बाळंतपणात शंभरात सुमारे तिघींना, व्हॅक्यूममध्ये चौघींपर्यंत आणि चिमट्याने आठ ते बारा जणींना होते. व्हॅक्यूम बाळाच्या डोक्याला थोडा जास्त त्रास देतो, चिमटा आईला. व्हॅक्यूम फसण्याचं प्रमाण जास्त, चिमटा फसण्याचं कमी. ही देवघेव डॉक्टरला त्या पाच मिनिटांत करायची असते.

चिमट्याच्या वेळी बहुधा बाजूला तिरका छेद देतात, सरळ खाली नाही. सरळ छेद नेमका त्या स्नायूकडे जातो. बाळ आलं की डॉक्टरने तपासून, स्नायू फाटलाय का ते बोलून दाखवायला हवं. फाटला असेल तर चांगल्या उजेडात, पुरेशी भूल देऊन शिवायचा.

एक सल्ला: अवजार वापरल्यावर शिरेतून जंतुनाशकाचा एक डोस मिळाला का, ते विचारा. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास बायकांवर चाचणी झाली. एका डोसने संसर्ग शंभरात एकोणिसांवरून अकरावर आला.

दुखतं का?

हो. म्हणूनच खालच्या भागात भूल देतात किंवा पाठीतलं इंजेक्शन आधीच चालू असेल तर तेच वाढवतात. "बस दो मिनट सह लो" हे भुलीच्या जागी चालत नाही.

पाठीतलं इंजेक्शन घेतलं की व्हॅक्यूम लागतोच म्हणे?

जुन्या जड डोसांनी तसं होत असे. हल्लीच्या हलक्या डोसांत तो फरक फारसा उरलेला नाही. इंजेक्शन घेतलं असेल तर जोर करताना कुशीवर झोपा. २०१७ च्या ब्रिटिश चाचणीत अशा बायकांमध्ये शंभरात ४१ जणी अवजाराशिवाय मोकळ्या झाल्या, बसून-उभ्या राहून ३५.

नवव्या महिन्यात तूप-दूध प्यायलं, एरंडेल घेतलं तर टळेल ना?

तुपाने बाळ घसरत नाही. आईचं वजन वाढतं एवढंच. एरंडेलाने जुलाब होतात, पोटात मुरडा येतो आणि आई थकून लेबर रूममध्ये पोचते. ते डॉक्टरांना न विचारता नकोच.

खरोखर उपयोगी पडतं ते स्वस्त आहे: हिमोग्लोबिन आधीच नीट करणं, कळांत फिरत राहणं, पाणी पिणं, आपोआप जोर येईपर्यंत उगाच न ढकलणं, आणि सतत जवळ बसणारं एक ओळखीचं माणूस. हे शेवटचं कुणी मनावर घेत नाही, पण सोबत असलेल्या बायकांना अवजार कमी लागतं हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

म्हणजे नवरा आत येऊ शकतो?

केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीसोबती असावी असं सांगितलं. सर्वसामान्य वॉर्डात बाईच सोबत. आडोसा असेल तिथे नवराही. आधी विचारून ठेवा. आईला हिंदी नीट येत नसेल तर सोबतीला येणारं माणूस दोन्ही भाषा बोलणारं हवं. आपल्याकडे लेबर रूमची भाषा हिंदी आहे, आणि पुण्या-साताऱ्याकडून लग्न होऊन इंदुरात आलेल्या मुलींना त्या कळांत "ज़ोर लगाओ" आणि "अभी मत लगाओ" यातला फरक पटकन लागत नाही. एकीने मला हे नंतर हसत हसत सांगितलं, पण त्या कळांत ती हसत नव्हती.

सही नवऱ्याची की माझी?

तुमची. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिचीच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका स्त्रीरोगाच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. फॉर्म हिंदी-इंग्रजीत असतो आणि त्या वेळी तो वाचता येत नाही, म्हणून आठव्या महिन्यात मागून घरी न्या, जेवणानंतर दोघांनी बसून वाचा. नाही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण नाही म्हटलं तर पुढे काय, हेही त्याच वेळी विचारा.

सरकारी दवाखान्यात हे महागात पडतं का?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि नेण्याआणण्याची गाडी फुकट आहे. एम.वाय. किंवा एम.टी.एच. सारख्या इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत गर्दी असते, पण महू-देवासहून अडलेल्या केसेस तिथेच येतात, त्यामुळे हात सरावलेला असतो. खासगीत बिलाच्या अंदाजात "अवजाराचं बाळंतपण" वेगळं लिहिलंय का ते बघा.

हा चिमटा काढला कुणी?

वैद्यकीय प्रश्न नाही, पण एक आजोबा दर वेळी विचारतात. सोळाव्या-सतराव्या शतकात फ्रान्समधून इंग्लंडात आलेल्या चेंबरलेन घराण्याने. त्यांनी तो शंभराहून जास्त वर्षं घराबाहेर कळू दिला नाही. १८१३ मध्ये एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात माळ्याच्या फरशीखाली ती अवजारं सापडली. किती बाया तोवर गेल्या असतील, याचा विचार मी करत नाही. आपल्याकडे कलकत्त्याचे सर केदारनाथ दास यांनी इथल्या बायकांच्या लहान बांध्याला बेतून हलका चिमटा केला. तो आजही शिकवतात. सक्शनची कल्पना एडिनबरोच्या सिम्पसनची, १८४९ ची. चालेलसा कप स्वीडनच्या माल्मस्ट्रोमने १९५० च्या दशकात केला. आणि अगदी अलीकडे अर्जेंटिनाच्या एका मोटार मेकॅनिकला बाटलीत पडलेलं बूच पिशवीने काढायची गंमत बघून नवं साधन सुचलं. आपल्या लेबर रूममध्ये ते अजून दिसत नाही.

घरी आल्यावर शेक-शेगडी?

टाक्यांवर धुरी नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको. त्या धुराने आई-बाळ दोघंही गुदमरू शकतात. कोमट पाण्याच्या टबात बसा, जागा कोरडी ठेवा. डिंकाचे लाडू खा, पण सोबत पाणी आणि भाज्या वाढवा, कारण शी घट्ट झाली तर टाक्यांवर ताण येतो. डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध मागून घ्या. बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झाली नाही तर सांगा, लाजू नका. आणि दीड महिन्यानंतरही शी किंवा वारा आवरत नसेल तर "बाळंतपणात असंच असतं" म्हणून बसू नका. त्यावर उपचार आहेत.

पुढच्या वेळी पुन्हा चिमटा?

बहुधा नाही. दहापैकी आठ-नऊ जणी पुढच्या वेळी अवजाराशिवाय बाळंत होतात. स्नायूपर्यंत फाट गेली असेल तर मात्र आधी तपासून ठरवतात.

घरी जाताना कार्डावर काय लिहून घ्यायचं?

कोणतं अवजार, कशासाठी, डोकं कुठल्या स्थितीत होतं, किती वेळा ओढलं, फाट कितव्या दर्जाची, बाळाला व्हिटॅमिन के दिलं का. "एन.डी." (नॉर्मल डिलिव्हरी) एवढंच लिहिलेलं असेल तर परत द्या आणि पूर्ण लिहून मागा. मग त्या कार्डाचा फोटो काढा. डोहाळजेवणाचे चारशे फोटो असतात फोनमध्ये, याचा एकही नसतो.